तीनचा आठ

धाकटीला जे काही येत होतं ते तिच्या बापाने शिकवलं होतं, आणि परदेशातल्या त्या विद्यापीठात नेमकं तेच तिच्या मुळावर आलं. कुणी म्हणेल, पोरीने नियम मोडला, तिने भोगलं, यात बापाचा काय संबंध? संबंध आहे. जरा दम धरा.

बाप कंपाउंडर. चौतीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या हाताखाली. दवाखाना दोन खोल्यांचा. आत डॉक्टर, बाहेर बाकांवर पेशंट, आणि बाहेरच्याच एका कोपऱ्यात फळ्यांचा आडोसा करून कंपाउंडरची जागा. समोर हात जाईल एवढी खिडकी. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी शाळा सुटली की त्या आडोशात स्टुलांवर बसून अभ्यास करायच्या. थोरलीचं लक्ष अभ्यासात असायचं. धाकटीचं बापाच्या हातांकडे.

संध्याकाळपर्यंत डॉक्टरांचे शंभरेक पेशंट व्हायचे. शंभराव्या पेशंटला कुणाचाही हात घसरतो. दोन वर्षांच्या पोराला त्याच्या आजोबांचा डोस लिहिला जायचा, नाहीतर दिवसातून दोनदाच्या जागी चारदा. अशी चिठ्ठी आली तरी कंपाउंडर ती घेऊन आत विचारायला जायचा नाही. बाकांवरची वीस माणसं बघत असतात. चिठ्ठी परत आत जाताना दिसली तर उद्या डॉक्टरांवर भरवसा कोण ठेवणार? तो गुपचूप बरोबर डोसाच्या पुड्या बांधायचा, पेशंट गेला की चिठ्ठीतला आकडाही डॉक्टरांच्याच वळणात नीट करायचा, आणि चिठ्ठी तारेला टोचून मोकळा व्हायचा.

घरी जेवताना मात्र ते सांगायचा. "आज डॉक्टरांनी एका शेंबड्या पोराला म्हाताऱ्याचा डोस लिहिला."

आईचा घास हातातच राहायचा. "अगं बाई. मग हो?"

"मग काय? मी कशाला बसलोय तिथे?"

त्या घराचा सगळा अभिमान या एका वाक्यावर उभा होता. मोठ्यांची चूक दाखवायची नसते, निस्तरायची असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकटी हे बाराखडीच्या आधी शिकली. पुढे फार्मसीला गेली, पहिली आली, आणि तिथून थेट परदेशात.

तिकडे तिला जी प्रयोगशाळा मिळाली ती गोळ्यांची होती. औषधाची गोळी उष्ण, दमट हवेत ठेवली तर तिचा गुण किती दिवसांत उतरतो, हे बघायचं. गोळी कुटायची, भुकटी काचेची दारं असलेल्या तराजूवर तोलायची, विरघळवायची, आणि एकूण एक आकडा जाड बांधीव रजिस्टरमध्ये पेनाने लिहायचा. कंपाउंडरच्या मुलीला याहून घरचं काम कुठलं? कामात ती आठवड्याभरात रुळली. माणसांत अकरा महिने झाले तरी रुळली नव्हती.

गाईडबाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या वाईट असत्या तर सगळंच सोपं झालं असतं. पहिल्याच दिवशी त्यांनी धाकटीला सांगितलं, "मला मॅडमबिडम म्हणू नकोस. नावाने हाक मार." पन्नाशीच्या बाईला, जिच्या सहीवर आपली पदवी अवलंबून आहे तिला, नुसत्या नावाने? धाकटीची जीभ उचलेना. मॅडम म्हणायला बंदी, नाव घ्यायची हिंमत नाही, तेव्हा तिने मधला मार्ग काढला: हाकच मारायची नाही. काही विचारायचं असलं की टेबलाला वळसा घालून बाईंच्या समोर उभी राहायची आणि त्या मान वर करेपर्यंत थांबायची. एकदा वीस मिनिटं थांबली. बाई दचकून म्हणाल्या, "तू कधीपासून उभी आहेस?" धाकटी म्हणाली, "आत्ताच आले."

अशा शंभर गोष्टी. कॉरिडॉरमध्ये माणसं "कशी आहेस?" विचारायची, आणि ही थांबून उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत विचारणारा दहा पावलं पुढे गेलेला असायचा. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "घरी ये ना कधीही." ही एका रविवारी गेली. दार उघडलं गेलं, पण साखळी लावूनच, आणि फटीतून त्या मुलीने इतक्या काळजीने विचारलं, "काय झालं? सगळं ठीक ना?", की धाकटी "इकडून जात होते" असं पुटपुटून परत फिरली. राहायच्या जागी सहा जणींचं मिळून एक स्वयंपाकघर होतं. कुणी नसेल तेव्हा ती तिथे जायची, शिजवायची आणि उभ्या उभ्या खाऊन भांडी पुसून ठेवायची, आपण इथे येऊन गेलो हे कुणाला कळूही नये म्हणून. कपडे ढगळ व्हायला लागले. केस विंचरायची तर फणीत पुंजके. फोनवर आईला सांगायची, मजेत आहे.

सगळ्यांत वाईट सोमवारची बैठक. तिथे काल आलेलं पोरगंही गाईडबाईंच्या तोंडावर म्हणायचं, "मला नाही पटत हे. तुमचं गणित चुकलंय." आणि बाई खूश होऊन म्हणायच्या, "बरोबर आहे की." धाकटी वहीत डोकं घालून बसायची. मग बाई तिच्याकडे वळायच्या. "तुझं काय मत?" धाकटीचं मत नेहमी एकच असायचं: बरोबर आहे. सहामाही अहवालात बाईंनी लिहिलं, काम अत्यंत चोख, स्वतंत्र मत मांडत नाही. धाकटीला ते वाक्य फार लागलं. मत तिला होतं. पण मत तोंडाने सांगायचं नसतं, हाताने करून ठेवायचं असतं, ही तिच्या घरची रीत. आणि ती तसं करत होतीच. त्या सहा महिन्यांत तिने रजिस्टरमधल्या बाईंच्या तीन चुका निस्तरल्या होत्या. कुणाला पत्ता नव्हता.

चौथी चूक पाहुण्यांसमोर झाली.

दुसऱ्या एका संस्थेतून पाच माणसं काम बघायला आली होती. गाईडबाई उत्साहात. त्या दिवशी त्यांनी स्वतः तोलायला घेतलं, तोंडाने पाहुण्यांना समजावत. धाकटी शेजारी ट्रे धरून उभी. तराजूच्या खिडकीत आकडा उमटला, त्याच्या शेवटी आठ होते. बाईंनी बोलता बोलता रजिस्टरमध्ये लिहिला, त्याच्या शेवटी तीन. धाकटीने दोन्ही आकडे बघितले. पाहुणे बघत होते, त्यांतल्या एकाने बाईंना विचारून पानाचा फोटोही काढला. इतक्या लोकांत "चुकलं" कसं म्हणायचं? तिने ट्रे पुढे केला.

चूक झाली तर काय करायचं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या आठवड्यातच नियमांचा कागद वाचून तिने सही केली होती. खोडायचं नाही, गिरवायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. पण बाईंच्या हस्ताक्षरावर रेघ मारून शेजारी आपली सही ठोकायची? म्हणजे कंपाउंडरने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शेरा मारावा तसलाच प्रकार. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिने रजिस्टर उघडलं आणि त्याच मगातलं तेच पेन घेतलं. इंग्रजी तीनचा आठ करायला काय लागतं? डावीकडून दोन वळसे. तिने ते इतके बेमालूम घातले की बापाने बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. रजिस्टर मिटताना तिला बरं वाटलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्या खोलीत आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटलं.

पंधरा दिवसांनी त्या फोटोवाल्या पाहुण्याचं पत्र आलं. तुम्ही पाठवलेल्या अहवालात शेवटचा आकडा आठ आहे, माझ्या फोटोत तीन दिसतो, खरा कुठला? गाईडबाईंनी रजिस्टर काढलं आणि पान भिंगाखाली धरलं. मग सगळ्यांना बोलावून विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"का?"

आता यावर काय सांगायचं? तुम्ही चुकलात म्हणून? चार जणांसमोर?

"आणखी कुठे केलंस?"

यावर नाही म्हणाली असती तर विषय तिथेच संपला असता. बाकीच्या पानांचे फोटो कुणी काढले नव्हते. पण खोटं बोलायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. "आणखी तीन ठिकाणी," ती म्हणाली, आणि पानांचे नंबर तोंडपाठ सांगितले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तराजूला स्वतःची आठवण होती. तोललेलं प्रत्येक वजन त्याच्या पोटात साठवलेलं असायचं. ते तपासलं गेलं. चारही आकडे धाकटीने केले तेच बरोबर निघाले. झालं, सुटले, असं तिला वाटलं. पण तिथे उलटंच झालं. आकडे बरोबर आहेत हे कुणी नाकारलं नाही, आणि त्याचा कुणाला उपयोगही नव्हता. ज्या वहीत एक आकडा गुपचूप बदलता येतो, तिच्यातल्या बाकीच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवायचा? ते अख्खं रजिस्टर पिशवीत घालून सीलबंद झालं. त्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीचंही काम होतं, ते सगळं पुन्हा पहिल्यापासून. ती मुलगी रडली, आणि नंतर धाकटीशी "कशी आहेस?" एवढंही बोलायची बंद झाली.

गाईडबाईंनी तिला खोलीत बोलावलं. ओरडल्या नाहीत. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर धाकटीने खाली मान घालून ऐकल्या असत्या, चुकले म्हणाली असती आणि प्रकरण मिटलं असतं. तिच्या ओळखीच्या जगात ते असंच मिटतं. पण बाईंचे डोळेच भरून आले होते.

"तू मला नुसतं सांगायचं होतंस. मी म्हटलं असतं, अरे हो, आणि रेघ मारली असती. एका मिनिटाचं काम होतं. मी दिवसाला दहा चुका करते, हे सगळ्यांना माहीत आहे." मग त्या म्हणाल्या, "मला वर कळवावं लागलं. माझा इलाज नव्हता."

वर म्हणजे समिती. समितीचं पत्र आलं: नोंदींमध्ये फेरफार, सुनावणी पुढच्या आठवड्यात, आरोप सिद्ध झाला तर नाव कमी. नाव कमी झालं की राहायचा परवाना रद्द, आणि पंधरा दिवसांत चंबूगबाळं आवरून परत. कंपाउंडरची परदेशात शिकणारी धाकटी फेरफार केला म्हणून हाकलून दिली, ही बातमी तिच्या आधी घरी पोचली असती.

पत्रासोबत समुपदेशक बाईंकडे जायची सूचना होती. त्यांच्या खोलीत मऊ खुर्च्या, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, आणि भिंतीवर एक तक्ता. परक्या देशात आलेला विद्यार्थी आधी आनंदात असतो, मग खाली जातो, मग हळूहळू वर येतो, अशी त्यावर एक वाकडी रेघ. बाईंनी पेन्सिलीने रेघेचा तळ दाखवला. "तू आत्ता इथे आहेस."

धाकटीने तक्त्याकडे बघितलं. रेघेचा आनंदातला भाग आपल्या वाटणीला कधी आला होता, हे तिला आठवेना.

बाईंनी प्रश्न विचारले. झोप? भूक? रडू येतं का? धाकटीने सगळ्याची खरी उत्तरं दिली. बाईंना हायसं वाटल्यासारखं दिसलं. त्या म्हणाल्या, की हा गुन्हा नसून ताण आहे असं समितीला दाखवता येईल. त्यासाठी एक निवेदन आहे. धाकटीने सही केली की सुनावणी होणार नाही. एक सत्र कामापासून दूर राहायचं, दर आठवड्याला इथे यायचं, आणि मग नव्या रजिस्टरवर पुन्हा सुरुवात. मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.

निवेदन तिने बाहेरच्या बाकावर बसून वाचलं. नवीन वातावरणाशी जुळवून घेण्याच्या ताणामुळे माझी सारासार विचार करण्याची शक्ती कमी झाली होती. माझ्या संस्कृतीत वरिष्ठांच्या चुका लपवणे सर्वसामान्य मानले जाते. तिच्या कानांतून वाफा निघाल्या. लपवलं कुठे? निस्तरलं. आणि डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणे. उलट अकरा महिन्यांत डोकं ठिकाणावर असलेले ते चारच क्षण होते.

तिच्याच भाषेतला एक मुलगा तिथे होता. वय एकोणतीस, पण सात वर्षं तिथे काढून इतका पोचलेला, आणि सल्ले वाटायची इतकी हौस, की सगळे त्याला काका म्हणायचे. काकाने निवेदन वाचलं आणि परत दिलं.

"चांगलं लिहिलंय. सही ठोक."

"मी आजारी नाहीये, काका."

"मग कोण आहे? अगं, वेड पांघरून पेडगावला जायचं असतं. मी दुसऱ्या वर्षी गेलो होतो, सहा आठवडे. इथे चुकले म्हणालीस तर मेलीस. त्रास होतोय म्हणालीस तर फुलं आणून देतील."

"आणि हे आमची संस्कृती वगैरे? तुमच्या घरी लपवतात चुका?"

"माझे वडील वकील आहेत. त्यांचं तर पोटच त्यावर." तो हसला. धाकटी हसली नाही हे बघून जरा मऊ झाला. "हे बघ, तू चुकलीस म्हटलं तर त्यांना शिक्षा करावी लागते. तुझा अख्खा देश चुकला म्हटलं तर त्यांना तुझी दया करता येते. त्यांना तेच सोयीचं आहे. तू कशाला आड येतेस?"

धाकटीने ठरवलं, सही करायची नाही. सुनावणीला जायचं आणि ताठ मानेने सांगायचं, की चारही आकडे बरोबर होते. काढतील तर काढू देत. फक्त त्याआधी एकदा बापाच्या कानावर घालायचं. त्याने नुसतं शाब्बास म्हटलं की पुरे, मग समिती येवो नाहीतर समितीचा बाप येवो.

गुरुवारी सकाळी, स्वयंपाकघर रिकामं होतं तेव्हा, तिने फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली. डॉक्टर वारले त्याला सहा महिने झाले होते, दवाखाना बंद होता, कंपाउंडर घरीच असायचा.

"बाबा, आई आहे का जवळ?"

"शेजारी गेलीय. का गं?"

तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. तीन आणि आठ, पाहुण्याचा फोटो, पिशवीतलं रजिस्टर, समिती, निवेदन. मजेत आहे म्हणून अकरा महिने जे सांगितलं होतं तेही खोटं होतं, हेसुद्धा सांगून टाकलं. बापाने मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"आकडे बरोबर होते?"

"चारही. तराजूनेच दाखवलं."

आता शाब्बास येणार, म्हणून धाकटीने फोन कानाशी घट्ट धरला.

"सही करून टाक," बाप म्हणाला.

तिला वाटलं, त्याला नीट समजलं नाही. "बाबा, त्यात लिहिलंय की आपल्याकडे मोठ्यांच्या चुका लपवतात. म्हणजे तुम्ही चौतीस वर्षं जे केलंत त्याला मी लपवणं म्हणायचं? मी नाही लिहून देणार. घरी यावं लागलं तर येईन."

"धाकटे, ऐक जरा. मास्तरांची आई आठवते तुला?"

धाकटीला गणित शिकवणारे मास्तर. त्यांची आई दवाखान्यात यायची, जाडजूड, पाय सुजलेले, बाकावर दोन माणसांची जागा घेणारी. आडोशातल्या दोघी पोरींना खिडकीतून हात घालून चिमटे काढायची. "आठवते की."

"डॉक्टर तिला पाणी उतरायची गोळी द्यायचे. रोज एक. एकदा चिठ्ठीत दोन आल्या. गर्दी होती. मला वाटलं, हात घसरला. मी एकच दिली."

"मग बरोबरच केलंत की," धाकटी म्हणाली.

"त्यांनी मुद्दाम वाढवली होती. छातीत पाणी झालं होतं तिच्या. मला काय माहीत? मी विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली. डॉक्टर मास्तरांना म्हणाले, औषध वाढवून बघितलं, पण वय झालं होतं. मी शेजारी उभा होतो."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठीवर मी दोनचा एक केला होता. तो परत दोन केला."

स्वयंपाकघरात कुणीतरी आलं, धाकटीकडे बघून हसलं, पाणी घेऊन गेलं. धाकटीही हसली.

"कधीची गोष्ट ही?"

"तू आठवीत होतीस."

म्हणजे ती तिथेच होती, स्टुलावर. बापाचे हात बघत होती. आणि त्यानंतरही तो सांगत राहिला होता, अगदी ती परदेशी निघाली त्या आठवड्यापर्यंत. "बाबा, नंतरही तुम्ही जेवताना सांगत होतात. परवा डॉक्टरांनी हे लिहिलं, काल ते लिहिलं."

"त्यानंतर एकदाही केलं नाही मी. जरा शंका आली की आत जाऊन विचारायचो. डॉक्टर चिडायचे. म्हणायचे, कंपाउंडर, म्हातारे झालात तुम्ही. पेशंट बघायचे आणि हसायचे."

"मग ते घरी सांगायचात ते?"

"जुन्याच सांगायचो. तुम्हाला आवडायच्या."

धाकटीला बापाचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आणि असा, की फोन भिंतीवर आपटावा. जन्मभर त्याने तिला बरोबर निघालेल्याच गोष्टी सांगितल्या होत्या. चुकलेली एकच होती, ती सांगितली असती तर आज ती प्रयोगशाळेत आपल्या टेबलाशी असती. गाईडबाई ज्या एका मिनिटाच्या कामाबद्दल बोलत होत्या, ते एक मिनिट हिच्याजवळ असतं.

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"जेवताना सांगण्यासारखं नव्हतं ते."

मग बापाने चोरट्या आवाजात म्हटलं, "तुझ्या आईला ठाऊक नाही. थोरलीलाही नाही. तू कुठे बोलू नकोस हं. मास्तर अजून रस्त्यात थांबून नमस्कार करतात मला." आणि मग, आई आल्याचा आवाज झाला असावा, एकदम मोठ्याने, "बरं बरं, जेवत जा वेळेवर," म्हणून त्याने फोन ठेवला.

शुक्रवारी साडेअकराला ती समुपदेशक बाईंच्या खोलीत मऊ खुर्चीवर बसली. पहिल्या पानावर सही केली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण राग आता कागदावर नव्हता, बापावर होता. ताण म्हणा, संस्कृती म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

दुसऱ्या पानावर एकच प्रश्न होता आणि खाली चार रिकाम्या ओळी. नोंदी अशा प्रकारे बदलायला तुम्हाला कुणी शिकवले किंवा सांगितले होते का? असल्यास कोणी, ते लिहा.

"हे अगदी मोकळेपणाने लिही," बाई म्हणाल्या. "खरं उत्तर तुझ्या बाजूनेच जाईल. कुणाचा दबाव असेल तर समिती ते लक्षात घेते."

खरं उत्तर धाकटीजवळ होतं, चार ओळींत मावणारं. ते लिहिलं असतं तर पहिल्या पानावरचं ते संस्कृतीचं वाक्य खोडता आलं असतं. देशाबिशाचा काही संबंध नव्हता. एक आडोसा होता, एक खिडकी होती, आणि एक माणूस होता जो नंतर स्वतः बदलला आणि ज्याचं ते पोरीला सांगायचं राहून गेलं. या कागदाला तिकडचं कोण विचारतंय? मास्तरांपर्यंत तो सात जन्मांत पोचला नसता. तरी तिचा हात पुढे जाईना. बापावरचा राग तसाच होता, आणि त्या रागासकट ती त्याच्यापुढे आडोसा धरून बसली होती.

कुणीही नाही, असं तिने लिहिलं. अक्षर छान आलं. खाली तारीख घातली, सही केली.

बाईंनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. "इतकं प्रामाणिक राहायला धैर्य लागतं," त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या.

धाकटीने आभार मानले, आणि नवीन रजिस्टर कधीपासून मिळेल ते विचारलं.